अनमाउंट अडतंय कुठे? रेफरन्स लीकवर वाचकांचे प्रश्न

लिनक्स कर्नलमधले एनएफएस, सिफ्स, एएफएस यांसारखे नेटवर्क फाइल सिस्टिमचे क्लायंट आणि त्यांत अडकून राहणारे रेफरन्स यांवर बरेच प्रश्न साठले होते. ऑब्जेक्ट वापरणारा "गेट" करून त्याचा काउंट एकाने वाढवतो आणि काम झालं की "पुट" करून कमी करतो; काउंट शून्य झाला की ऑब्जेक्ट मोकळं होतं. एखादा पुट राहून गेला, तर तो रेफरन्स लीक. या वेळी तेवढेच घेतले आहेत. फंक्शनच्या नावात जोडरेघ दिसेल तिथे मूळ नावात अंडरस्कोर आहे असं समजा.

प्रश्न : एनएफएस माउंट काढायला गेलं की "टार्गेट इज बिझी" येतं. एलएसओएफ (उघड्या फाइली दाखवणारी आज्ञा) काहीच दाखवत नाही. म्हणजे कर्नलमध्ये लीकच ना? (पुणे)

इतक्यात नाही. "बिझी" हे उत्तर माउंटच्या काउंटवरून ठरतं, डेंट्री (फाइलच्या नावाची कर्नलमधली नोंद) किंवा आयनोड (खुद्द फाइलची नोंद) यांच्या काउंटवरून नाही. उघडी फाइल, कुणाची तरी चालू डिरेक्टरी, कर्नलमध्ये धरून ठेवलेला पाथ यांनी माउंटचा काउंट वाढतो आणि अनमाउंट नाकारलं जातं. नुसता डीगेट (डेंट्रीचा गेट) किंवा आयग्रॅब (आयनोडचा गेट) लीक झाला असेल तर अनमाउंट बिनबोभाट होतं आणि बोंब नंतर लॉगमध्ये उठते. दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

तुमच्या बाबतीत आधी हे बघा. एलएसओएफ रूट म्हणून चालवलं होतं का? नसेल तर दुसऱ्यांच्या प्रोसेसनी उघडलेल्या फाइली दिसतच नाहीत. मग फाइंडएमएनटीने त्या माउंटच्या पोटात आणखी माउंट आहेत का ते पाहा. सर्व्हरवर एका एक्स्पोर्टच्या आत दुसरी फाइल सिस्टिम असली की एनएफएस क्लायंट तिथे आपोआप पोटमाउंट करतो आणि तो आपल्या लक्षातही नसतो. लूप डिव्हाइसची इमेज फाइल तिथे आहे का ते लॉसेटअपने, स्वॅप फाइल आहे का ते स्वॅपऑनने कळतं. तीच डिरेक्टरी पुढे एनएफएसडीने (कर्नलमधल्या एनएफएस सर्व्हरने) एक्स्पोर्ट केलेली असेल तर एक्स्पोर्टएफएसकडे जा. एवढं सगळं कोरं निघालं, तरच कर्नलमध्ये पाथ किंवा फाइल लीक झाल्याचा संशय घ्या.

उलटी परिस्थिती जास्त फसवी. अनमाउंट यशस्वी होतं, पण सर्व्हरचं कनेक्शन तुटत नाही. प्रॉकमधल्या एफएसखाली एनएफएसएफएस आहे, त्यातली "सर्व्हर्स" ही फाइल उघडा. "यूज" या रकान्यात एनएफएस-क्लायंट या ऑब्जेक्टचा चालू काउंट असतो. शेवटचं माउंट काढल्यावर ती ओळ गेली पाहिजे. गेली नाही तरी लगेच लीक म्हणू नका: एखाद्या कंटेनरच्या माउंट नेमस्पेसमध्ये त्याच माउंटची प्रत जिवंत असते. माउंटचा डिव्हाइस नंबर आधी टिपून ठेवा (०:५२ अशा रूपाचा) आणि तो सगळ्या प्रोसेसच्या माउंटइन्फो फाइलींत शोधा. एनएफएस खालचा थर म्हणून वापरणारं ओव्हरलेएफएस (थरांवर थर रचणारी फाइल सिस्टिम) असेल तर ते तिथेही दिसणार नाही, कारण ओव्हरले स्वतःची खासगी प्रत करून घेतं.

आणि लेझी अनमाउंट करून "सुटला प्रश्न" म्हणू नका. त्याने माउंट झाडावरून फक्त दिसेनासं होतं; धरणारा हात सुटत नाही, उलट तो शोधायची जागा हातची जाते.

प्रश्न : सिफ्स शेअर काढल्यावर लॉगमध्ये "बग: डेंट्री … स्टिल इन यूज (२)" आणि त्यामागोमाग "बिझी आयनोड्स आफ्टर अनमाउंट" येतं. ही ओळ वाचायची कशी? (ठाणे)

पहिली ओळ कामाची आहे, दुसरी तिचा परिणाम. महिरपी कंसात आय नंतर आयनोडचा नंबर (हेक्समध्ये), एन नंतर नाव. साध्या कंसातला आकडा म्हणजे त्या डेंट्रीचा उरलेला काउंट. शेवटी चौकटी कंसात फाइल सिस्टिमचा प्रकार आणि माउंटची ओळख. आधी नाव बघा. नेहमी एकच नाव येतं की दरवेळी वेगळं? ती फाइल आहे की डिरेक्टरी? यावरच निम्मा तपास अवलंबून असतो.

सिफ्समध्ये नाव डिरेक्टरीचं असेल तर पहिला संशय डिरेक्टरी हँडलच्या कॅशवर. क्लायंट सर्व्हरकडून डिरेक्टरीवर लीज (कॅश करायची तात्पुरती परवानगी) घेतो आणि हँडल उघडं ठेवतो. एका शेअरला मुळात १६ डिरेक्टऱ्या आणि ३० सेकंद ही मर्यादा असते. प्रत्येक नोंद आपली डेंट्री धरून असते. अनमाउंट होताना या सगळ्या नोंदींनी डेंट्री सोडायच्या असतात. पण त्याच क्षणी लीज तुटली किंवा रीकनेक्ट झालं, तर नोंद यादीतून निघालेली असते आणि डेंट्री मात्र अजून सुटलेली नसते. अनमाउंट करणारा धागा यादी रिकामी बघून पुढे जातो. पुट विसरलेला नाही, उशिरा आला. लॉगमध्ये दोन्ही सारखंच दिसतं.

ही शर्यत (रेस, म्हणजे दोन धाग्यांच्या वेळेच्या क्रमावर अवलंबून असलेली चूक) २०२४च्या अखेरीच्या दुरुस्त्यांत मिटवली गेली आहे, तेव्हा आधी कर्नल त्याआधीचा आहे का ते तपासा. खातरजमा करायची तर शेअर "नोहँडलकॅश" पर्यायाने माउंट करून तोच भार पुन्हा द्या. इशारा गेला तर जागा सापडली. गेला नाही तर प्रॉकखालच्या सिफ्स फोल्डरातली "ओपन फाइल्स" आणि "डीबगडेटा" या दोन फाइली अनमाउंटच्या आधी साठवा. डीबगडेटात सेशनपुढे "यूजेस" आणि शेअरपुढे "माउंट्स" हे काउंट छापलेले असतात. फाइल बंद केल्या केल्या मात्र मोजू नका. सिफ्स क्लायंट क्लोज लगेच पाठवत नाही, मुळात एक सेकंद थांबतो. क्लोजटाइमओ या पर्यायाने तो अवधी बदलतो.

प्रश्न : आमच्या क्लायंट मॉड्यूलची मेमरी रोज वाढते. केमेमलीक (कर्नलमधली मेमरी गळती शोधणारं साधन) लावून ठेवलं, त्याला काहीच सापडत नाही. मग लीक नाहीच का? (नागपूर)

आहे, पण केमेमलीक ज्या जातीची गळती पकडतं ती ही नव्हे. ते मेमरी चाळून बघतं की या ऑब्जेक्टचा पत्ता कुठे तरी लिहिलेला आहे का. कुठेच नसेल तर ते ऑब्जेक्ट बेवारस. रेफरन्स लीकमधलं ऑब्जेक्ट बेवारस नसतं: ते हॅश टेबलात, सुपरब्लॉकच्या आयनोड यादीत, एलआरयूत व्यवस्थित टांगलेलं असतं. फक्त त्याचा काउंट शून्यावर कधी येणार नसतो. केमेमलीकच्या दृष्टीने सगळं आलबेल.

तेव्हा मोजणी करा, आणि ती सैल करू नका. प्रॉकच्या स्लॅबइन्फोत (कर्नलच्या कुठल्या प्रकारचे किती ऑब्जेक्ट आहेत ते सांगणारी फाइल) एनएफएस-आयनोड-कॅश, सिफ्स-आयनोड-कॅश, आरपीसी-टास्क्स, डेंट्री या ओळी बघायच्या. क्रम असा: सिंक, मग ड्रॉप-कॅशेसमध्ये २ लिहा (१ लिहिलंत तर फक्त पेज कॅश जाते, डेंट्री आणि आयनोड जागेवर राहतात), आकडा टिपा. संशयित काम १०,००० वेळा करा. पुन्हा सिंक, पुन्हा २, पुन्हा आकडा. फरक जवळपास १०,००० असेल तर नेहमीच्या वाटेवर एक पुट राहिला आहे. असा लीक सापडायला अर्धा दिवस पुरतो. फरक तेवढ्या वेळात आलेल्या एररच्या संख्येशी जुळला तर एररच्या वाटेवर. फरक दर फेरीला वेगळा, कधी ३०० कधी ४०, तर शर्यत आहे आणि चहाचा थर्मास भरून घ्या.

१०० वेळा करून बघू नका. स्लॅबइन्फोतला "ॲक्टिव्ह" आकडा काटेकोर नसतो; प्रत्येक सीपीयूने स्वतःसाठी धरलेल्या स्लॅबमधल्या मोकळ्या जागाही त्यात वापरातल्या म्हणून धरल्या जातात. शंभराचा फरक त्या गोंगाटातच बुडतो.

दुसरा खड्डा: स्लब (कर्नलमध्ये अशा ऑब्जेक्टना मेमरी वाटणारा भाग) सारख्या मापाच्या कॅश एकत्र करतं, त्यामुळे तुमच्या कॅशच्या नावाखाली भलत्याचेच ऑब्जेक्ट मोजले जातात. चाचणीच्या मशीनवर बूट करताना "स्लॅब-नोमर्ज" द्या. कन्स्ट्रक्टर असलेल्या कॅश, म्हणजे बहुतेक आयनोड कॅश, मुळातच एकत्र होत नाहीत. पण एनएफएसचा ओपन कॉन्टेक्स्ट (उघड्या फाइलची क्लायंटकडची नोंद) साध्या केमॅलॉकमधून, म्हणजे सर्वसाधारण मेमरी वाटपातून येतो, त्याला स्वतंत्र ओळच नाही. तिथे स्लब-डीबगला यू हा पर्याय देऊन बूट करा आणि डीबगएफएसच्या स्लॅब फोल्डरात त्या केमॅलॉक कॅशची "अलॉक ट्रेसेस" फाइल वाचा: कुठल्या फंक्शनने घेतलेले किती ऑब्जेक्ट अजून जिवंत आहेत, ते उतरत्या क्रमाने मिळतं.

प्रश्न : काउंट चढलेला दिसतो हे कळलं. पण नेमका कुणाचा पुट राहिला हे कसं काढायचं? प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये छापणारं फंक्शन) घालून लॉग भरला, हाती काही लागलं नाही. (बंगळूर)

नुसत्या आकड्याला चेहरा नसतो. काउंट ३ आहे याचा अर्थ तीन जणांनी धरलंय. कोण ते त्या आकड्यात लिहिलेलं नाही. म्हणून प्रत्येक गेट आणि पुटला कारणाचं नाव द्यायचं आणि नावागणिक जोड्या लावायच्या. एएफएस, आरएक्सआरपीसी (एएफएसचा नेटवर्क प्रोटोकॉल) आणि नेटएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिमची सामायिक लायब्ररी) या भागांत ही सोय आधीच आहे: गेट-पुटच्या प्रत्येक हाकेला कारण जोडलेलं असतं आणि ते ट्रेसपॉइंटमध्ये (कर्नलमध्ये आधीच ठेवलेल्या नोंद घ्यायच्या जागेत) येतं. एएफएस, सेफ, ९पी आणि आता सिफ्सही नेटएफएस वापरतात, त्यामुळे नेटएफएस-आररेक-रेफ हा ट्रेसपॉइंट चौघांनाही लागू. गाळून, एकाच रिक्वेस्टपुरत्या ओळी ठेवल्या की असं काही दिसतं (उदाहरणादाखल, सोपं करून):

आर=०००००१२४ न्यू आर=१
आर=०००००१२४ गेट सबरेक आर=२
आर=०००००१२४ गेट सबरेक आर=३
आर=०००००१२४ सी वर्क आर=३
आर=०००००१२४ पुट सबरेक आर=२
आर=०००००१२४ पुट रिटर्न आर=१

आणि पुढे काही नाही. पहिला आर म्हणजे रिक्वेस्टचा क्रमांक, शेवटचा आर म्हणजे काउंट. "सी" ही ओळ फक्त हजेरी आहे, तिने काउंट बदलत नाही. जोड्या लावताना ती खोडा. "न्यू"चा एक "पुट रिटर्न"ने फिटला. "गेट सबरेक" दोन, "पुट सबरेक" एक. म्हणजे रिक्वेस्टचं काही चुकलेलं नाही, तिची एक सबरिक्वेस्ट मोकळी झाली नाही आणि तिने आईचा पदर धरून ठेवलाय. आता नेटएफएस-एसरेक-रेफ चालू करा, त्यात १२४च्या पुढे चौकटी कंसात सबरिक्वेस्टचा नंबर येतो, आणि तिच्यावर हाच हिशोब पुन्हा. नेटवर्क क्लायंटमध्ये लीक बहुतेकदा असा दोन-तीन पायऱ्या खाली असतो. वर अडकलेला दिसतो तो फक्त ओलीस.

स्वतःच्या मॉड्यूलमध्ये हे घालणार असाल तर एक काळजी घ्या. पुट केल्यावर ऑब्जेक्टमधून काउंट वाचून छापू नका. तुमचा पुट शेवटचा असेल किंवा तेवढ्यात दुसऱ्याने शेवटचा पुट केला असेल, तर ती मेमरी गेलेली असते. डीबग नंबर आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या आणि काउंट त्या कमी करणाऱ्या क्रियेकडूनच मिळवा. रेफकाउंटच्या दोन अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या रूपांत जुना आकडा परत मिळतो, त्यातून एक वजा केला की झालं.

एनएफएसमध्ये अशी नावं नाहीत, तिथे बीपीएफट्रेस (चालू कर्नलच्या फंक्शनवर प्रोब लावणारं साधन). ॲलॉक-एनएफएस-ओपन-कॉन्टेक्स्टच्या परतीवर, आणि गेट व पुट या दोन्ही फंक्शनच्या सुरुवातीला प्रोब लावा. ऑब्जेक्टचा पत्ता ही किल्ली. गेटला अधिक एक, पुटला उणे एक, सोबत कर्नल स्टॅक. शून्य झालं की त्या पत्त्याची नोंद पुसा, नाहीतर तोच पत्ता नव्या ऑब्जेक्टला मिळतो आणि दोघांचे हिशोब मिसळतात. प्रोब माउंटच्या आधी लावा.

इथे कंपायलर तुम्हाला चकवतो. ज्या फाइलमध्ये पुटचं फंक्शन आहे, त्याच फाइलमधल्या हाका तो इनलाइन करू शकतो. तिथे प्रोब वाजतच नाही आणि नसलेला लीक दिसतो. डीगेट तर हेडरमध्येच इनलाइन आहे, त्यावर प्रोब लागणारच नाही. डीपुट मात्र खरं फंक्शन आहे. अशा वेळी लॉकरेफ-गेटवर (लॉकरेफ म्हणजे डेंट्रीतला लॉक आणि काउंट एकत्र ठेवणारा भाग) प्रोब लावून डेंट्रीच्या पत्त्यात लॉकरेफचं अंतर मिळवून तुलना करावी लागते. आयहोल्ड, आयग्रॅब, आयपुट हे तिन्ही खरे फंक्शन, तिथे हा त्रास नाही.

मशीन आधीच अडकलेलं असेल आणि ट्रेस लावायची वेळ गेली असेल, तर ड्रगन (चालू कर्नलची मेमरी वाचणारा डीबगर) घ्या: सुपरब्लॉकची आयनोड यादी चालत जाऊन ज्यांचा काउंट शून्याहून जास्त आहे ते छापा. मग क्रॅश या साधनाची "सर्च" आज्ञा वापरून त्या आयनोडचा किंवा डेंट्रीचा पत्ता कर्नल मेमरीत आणखी कुठे लिहिलाय ते शोधा. ज्या स्ट्रक्चरमध्ये सापडेल तो धरणारा. जुन्या, वापरून टाकलेल्या स्टॅकवरही तो पत्ता पडलेला सापडतो, ते सोडून द्या.

प्रश्न : कोड वाचताना कुठली फंक्शन्स जास्त घोळ करतात? (छत्रपती संभाजीनगर)

ज्यांच्या नावात "गेट" नाही, पण रेफरन्स देतात ती. डी-फाइंड-एलियस नुसतं शोधतं असं नावावरून वाटतं, पण हातात काउंट वाढवलेली डेंट्री ठेवतं. डीपुट तुमच्या गळ्यात. उलट गट आयनोडचा रेफरन्स गिळणाऱ्यांचा: डी-मेक-रूट, डी-ऑब्टेन-एलियस, डी-स्प्लाइस-एलियस. ही काम फसलं तरी आयनोड सोडतात. एररच्या वाटेवर तुम्ही "सुरक्षित असावं" म्हणून आणखी एक आयपुट घातलात की लीकच्या जागी यूज-आफ्टर-फ्री.

एनएफएसवाल्यांनी आरपीसी-रन-टास्क (सर्व्हरकडे विनंती पाठवणारं फंक्शन) लक्षात ठेवावं. ते टास्क परत देतं तेव्हा तुमच्यासाठी एक जास्तीचा काउंट घेतलेला असतो. असिंक काम आहे, पाठवलं आणि विसरलं, अशा थाटात आरपीसी-पुट-टास्क राहून जातो. मग टास्क शून्यावर येत नाही, म्हणून तिचा रिलीज कॉलबॅक चालत नाही, म्हणून कॉलबॅकमध्ये सुटायचा ओपन कॉन्टेक्स्ट सुटत नाही, त्याने धरलेली डेंट्री सुटत नाही. इशारा येतो डेंट्रीच्या नावाने.

प्रश्न : लीक महिन्यातून एकदा, ग्राहकाकडेच होतो. आमच्या लॅबमध्ये मुळीच नाही. (हैदराबाद)

लॅबमध्ये सर्व्हर बंद पडत नाही, केबल निघत नाही आणि वैतागून कंट्रोल-सी दाबणारं कुणी नसतं. ते तिघे आणावे लागतील.

क्लायंटवर आयपीटेबल्सने २०४९ पोर्टकडे जाणारं ट्रॅफिक ड्रॉप करा, फाइल उघडणारी प्रोसेस अडकली की किल -९, मग नियम काढा. हे शेलच्या लूपमध्ये हजारदा. टीसीपीवर एनएफएसचा टाइमआउट मुळात ६० सेकंद असतो, तेव्हा चाचणीपुरतं टाइमओ ५० (म्हणजे ५ सेकंद, एकक सेकंदाचा दहावा भाग) आणि रीट्रान्स २ ठेवा, आणि एरर खरोखर परत यायला हवी असेल तर सॉफ्टएरर हा माउंटचा पर्याय. ड्रॉपनंतर हीच फेरी टीसीपी रीसेटने रिजेक्ट करूनही करा, कारण त्यात रीकनेक्टची वेगळी वाट चालते.

मेमरी न मिळाल्याच्या वाटांसाठी फेलस्लॅब (अलोकेशन्स मुद्दाम फसवणारी कर्नलची सोय). इथे बरेच जण एका गोष्टीवर फसतात: त्याचं "इग्नोर जीएफपी वेट" हे बटण मुळात वाय असतं, म्हणजे झोपू शकणारी अलोकेशन्स तो फसवतच नाही, आणि फाइल सिस्टिममधली बहुतेक तशीच असतात. ते एन करा. मग संभाव्यतेच्या भरवशावर न राहता प्रॉकमधल्या टास्कच्या "फेल एन्थ" फाइलमध्ये १ लिहून सिस्टिम कॉल करा, मग २, मग ३. कॉलनंतर फाइल वाचून ० आला तर बिघाड घातला गेला. शून्याहून मोठा आकडा उरला तर तेवढी अलोकेशन्स त्या वाटेवर नव्हतीच, थांबा. प्रत्येक फेरीनंतर अनमाउंट करून लॉग बघा. ज्या आकड्यावर इशारा आला, तीच अलोकेशन आणि तिच्याच पुढचं एरर लेबल.

प्रश्न : "रेफकाउंट-टी: अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री" हा लीकच का? (सोलापूर)

उलटा. पुट एक जास्त झाला. मात्र २०१७मध्ये ४.११ कर्नलपासून आलेला रेफकाउंट-टी हा काउंटचा डेटाप्रकार असा वेडावाकडा काउंट दिसताच तो एका मोठ्या आकड्यावर गोठवतो आणि ऑब्जेक्ट मुद्दाम लीक होऊ देतो, कारण मोकळी केलेली मेमरी वापरण्यापेक्षा ते बरं. त्यामुळे नंतर अनमाउंटला लीकचा इशाराही येऊ शकतो. लॉगमध्ये सगळ्यात पहिला इशारा शोधा, शेवटचा नव्हे.

प्रश्न : डिरेक्टरीत .एनएफएसने सुरू होऊन पुढे लांबलचक हेक्स आकडे असलेल्या फाइली साचतात. हा पण लीक? (कोल्हापूर)

नाही. उघडी असलेली फाइल कुणी डिलीट केली की क्लायंट तिचं असं नाव बदलून ठेवतो आणि शेवटच्या क्लोजला ती पुसतो. त्याच क्लायंटवर फ्यूजरने ती कुणी उघडी ठेवलीय ते बघा. बहुतेक वेळा लॉग फिरवल्यावर जुना लॉग न सोडणारी सर्व्हिस निघते, ती रीस्टार्ट केली की फाइल जाते. क्लायंट मधेच क्रॅश झाला असेल तर पुसणारं कुणी उरत नाही. तेव्हा दुसऱ्या कुठल्या क्लायंटवर ती उघडी नाही याची खात्री करून हाताने पुसा.